वर नाव शाहीनचं

शुक्रवार, ९ जानेवारी २००४, मस्कत

ही डायरी आमच्या साइटवरच्या स्टोअरवाल्यानं दिली. सिमेंट कंपनीची आहे, पानापानावर पोत्याचं चित्र. सातवी सुटल्यापासून मी सहीपलीकडं काही लिहिलेलं नाही. पण आज जे बघितलं ते कुठंतरी ठेवायलाच पाहिजे.

आज शाहीनशी बोललो. तोंडानं नाही. मी रुवीच्या बाजारात मल्याळ्याच्या सायबर कॅफेत चार नंबरच्या मशीनवर, आणि ती तिकडं भोरला सावळाराम सरांच्या कॉम्प्युटर क्लासात. तिच्या नावापुढं एक झोपलेलं तोंड होतं. ते एकदम पिवळं होऊन हसायला लागलं. कॅफेवाला म्हणाला, "आ गयी." मी मागं वळून दाराकडं बघितलं. सगळा कॅफे हसला.

मग खाली बारीक अक्षरात आलं, शाहीन लिहितेय. काय लिहितेय ते अजून आलेलं नाही, पण लिहितेय हे आलं! समुद्राच्या पल्याड तिचं बोट हललं आणि हितं मला कळलं. अम्मीचं पत्र यायला बारा दिवस लागतात. ती कधी लिहायला बसली, मधेच डोळे पुसले का, काही समजत नाही.

तिचं आलं, "कोण?"

मी एका बोटानं शोधून शोधून लिहिलं, "नजीर."

"कुठला नजीर?"

"मंगनीतला."

तिनं हसरी पाच तोंडं पाठवली.

मंगनी गेल्या जूनमध्ये झाली आणि आठव्या दिवशी मी विमानात बसलो. निकाह येत्या मे महिन्यात, मला सुट्टी मिळंल तेव्हा. तोवर बोलायची त्यांच्या घरात परवानगी नाही. तिचे अब्बा फिरोजचाचा, शिवऱ्याला हायवेवर त्यांचं पंक्चरचं दुकान. दर शुक्रवारी ते तिला स्कूटरवर भोरला आणतात. तिला क्लासात सोडतात आणि स्वतः बाजारहाट करून जुम्याच्या नमाजाला जातात. तेवढे दीड-दोन तास आमचे. तिकडं दुपार चढलेली असते आणि हितं साडेदहा वाजलेले असतात. हे पण मला आज कळलं, की आमच्या दोघांचं घड्याळ वेगळं आहे.

शुक्रवार, २३ जानेवारी

सोमनाथदादाही माझ्याबरोबर कॅफेत येतो. तो मार्गासनीचा, हितं गवंडी आहे. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, खोलीत माझ्या खालची खाट त्याची. त्याची बायको राजनंदिनीवहिनी पंधरा दिवसांनी एसटीनं भोरला येते आणि त्याच क्लासात बसून सरांकडून लिहून घेते. शाहीनच्या खात्याचं नाव मला तिच्याकडूनच मिळालं.

आम्ही दोघांत एकच खातं काढलंय. कॅफेवाला फॉर्म भरताना विचारत होता, दोन काढू का? सोमनाथदादा म्हणाला, "दोन कशाला? एका वाटंवरची मान्सं आमी." पासवर्ड दोघांना ठाऊक. कॅफेवाल्यानं कपाळावर हात मारला. मला त्यात काय चुकलं ते समजलं नाही. भोरला आमच्या घराची किल्ली शेजारच्या फुलाबाईंच्या खिडकीत असते. आम्ही नसलो आणि पाहुणा आला, तर त्या दार उघडून त्याला चहा देतात. किल्ली लपवली तर फुलाबाईंना चोर म्हटल्यासारखं होईल.

शाहीन म्हणाली, सरांचं पण असंच आहे. वर्गातल्या सगळ्यांचे पासवर्ड त्यांनी हजेरीच्या वहीत नावापुढं लिहून ठेवलेत, कुणी विसरलं तर अडायला नको. मी लिहिलं, सर चांगले आहेत.

आज आणखी एक नवल. मशीननं आमचं सगळं बोलणं साठवून ठेवलंय. कॅफेवाल्यानं एक बटण दाबून दाखवलं. पहिल्या दिवशीचं "कोण?" सुद्धा तसंच्या तसं. माणूस बोलतो आणि बोलणं हवेत जातं असं मी समजत होतो. हितं एक शब्द जात नाही. सोमनाथदादाची म्हैस व्यायल्याची बातमी आणि माझं शाहीनला विचारलेलं "तुला माझा चेहरा आठवतो का", दोन्ही एकाखाली एक.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

बकरी ईद झाल्यावर आज पहिल्यांदा बोललो. तिनं विचारलं, "तुमच्या हाताखाली किती माणसं?"

मी लिहिलं, "बारा."

हे खरं नाही. आमच्या बद्रुन्निसा खालानं ही सोयरीक जमवताना मुलगा फोरमन आहे म्हणून सांगितलं. मी तिथंच बसलेलो. गप्प राहिलो. खरं काम म्हणजे स्लॅबच्या फळ्या काढल्यावर त्यांतले खिळे उपटायचे आणि फळ्यांना तेल लावायचं. बारा माणसं आहेत खरी. मी त्या बारांतला एक आहे.

खरं सांगावं म्हणून बोट उचललं, तेवढ्यात तिचं पिवळं तोंड झोपलं. मला वाटलं रागावली. सोमनाथदादा म्हणाला, "रागावती कशाला? भोरची लाईट ग्येली आसंल."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

साडेदहापासून बसलो, ती आलीच नाही. दोन-तीन वेळा "आहेस का?" लिहून ठेवलं. नमाज पढून आशा नसताना परत कॅफेत गेलो आणि तोंड पिवळं!

"आलीस? आज उशीर?"

दहा मिनिटं नुसतं शाहीन लिहितेय, शाहीन लिहितेय. मग आलं, "हो."

एवढ्याला दहा मिनिटं. मी फुलाचं चित्र पाठवलं. पुन्हा लांबण. मग आलं, "हे नको."

लाजली असंल. मग तिनंच विचारलं, "जुम्याला जाता का?" मी लिहिलं, आत्ता तिथूनच आलो. त्यावर आलं, "चांगलं. कंपनीच्या गाड्यांना टायर कुठले?"

मला हसूच आलं. दुकानदाराची लेक आहे, टायरच आठवणार. लिहिलं, बघून सांगतो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

आता ती जुम्यानंतरच येते. का ते विचारलं तर म्हणाली, "वेळ बदलली."

आठवडाभर मी ड्रायव्हर लोकांना विचारून ठेवलेलं. टायरची कंपनी सांगितली, वाळूत जाताना हवा कमी करतात ते सांगितलं. उत्तर आलं, "बरोबर करतात." एवढं ज्ञान! पुण्याच्या कॉलेजातल्या पोरीला पण नसंल.

मग तिनं एकेक करून सगळं विचारलं. भोरचं गॅरेज का सोडलं? कंटाळा आला. शिरवळचा कारखाना? मुकादमानं आईवरून शिवी दिली. पुण्याची बेकरी? ते मलाच नीट माहीत नाही, एक दिवस उठलो आणि चालायला लागलो. दारू? एकदा, शिरवळला, सगळी उलटून पडली.

शेवटी आलं, "बाईमाणसावर हात उचलाल का?"

मग लिहिलं. आमचे अब्बा अम्मीवर उचलायचे. मी लहान होतो. आवाज सुरू झाला की मी घरातून पळायचो, थेट नदीपर्यंत. मला वाटतं तेव्हापासून माझी पळायची सवय गेलेली नाही. हात मात्र मी कुणावर उचललेला नाही.

हे मी जन्मात कुणाला सांगितलेलं नव्हतं. समोर माणूस नसला की माणूस किती बोलतो! तोंडासमोर तोंड असतं तर जीभ उचलली नसती.

तिकडून आलं, "अल्ला तुमच्या वडलांना माफ करो."

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आज सांगून टाकलं. फोरमन नाही. हेल्पर आहे. खिळे उपटतो.

शाहीन लिहितेय हे सात वेळा आलं आणि गेलं, मी मोजलं. मानेवरून घामाचा ओघळ पाठीत गेला. एसी चालू होता.

मग आलं, "कामाची लाज नाही. खोटं कुणी सांगितलं?"

"खालानं. मी गप्प बसलो."

"गप्प बसला ते तुमचं."

"व्हय. माझंच."

परत बराच वेळ. मग, "बरं. उन्हात डोक्याला फडकं बांधत जा."

एवढंच. ना रडली, ना मंगनी मोडायचं बोलली. वीस वर्षांची पोर आणि एवढं मोठं काळीज! खोलीवर येताना पाय जमिनीला लागत नव्हते. सोमनाथदादाला म्हणालो, "दादा, मान्सात आन् मान्सात एवढी मोठी गोष्ट हुती, आन् मधी कोन न्हाई." तो म्हणाला, "मधी मशीन हाय की."

बुधवार, ३ मार्च

कामावर आज एकही खिळा वाकडा आला नाही. फोरमननं विचारलं, गावाकडून पैसे आले काय? मी म्हणालो, पैशापरीस मोठं आलंय.

शुक्रवार, ५ मार्च

आज ती साडेदहालाच आली. भरभर लिहीत होती.

"कसे आहात? तीन आठवडे कावीळ होती. अंथरुणावरून उठू देत नव्हते. आज पहिल्यांदा बाहेर पडले. तुम्ही रागावला असाल, काही कळवता आलं नाही."

मी हसरं तोंड पाठवलं. लिहिलं, चेष्टा करू नकोस, गेल्या शुक्रवारीच आपण बोललो.

"कोणाशी बोललात?"

"तुझ्याशी."

"मी घरी होते."

शाहीन लिहितेय, असं आलं. आणि तिचं तोंड झोपलं. लाईट गेली असंल, नाहीतर ती उठून गेली असंल. मी बारा वाजेपर्यंत बसलो. नमाजाला गेलो, पण काय पढलो ते माहीत नाही.

वर नाव शाहीनचं होतं. नाव खोटं कसं असंल? दारावर नाव एकाचं आणि आत दुसराच बसलाय, असं कुठं असतं?

शनिवार, ६ मार्च

सोमनाथदादाशी भांडलो. पासवर्ड त्याला माहीत, सगळं साठवलेलं त्याला दिसतं, म्हणून संशय त्याच्यावर गेला.

"तूच कुनाला तरी बसवून माझी चेष्टा केलीस!"

"आरं येडा का खुळा? तुझ्या खात्यात मी बसतोय, शाहीनच्या न्हवं! आन् माझी राजनंदिनी मला म्हशीचं लिवती, त्येच मला पंधरा दिस पुरतं."

"मग माझं वाचलंच न्हाईस?"

तो भिंतीकडं बघून म्हणाला, "येकदा वाचलं. तू बापाचं लिवलंयस ते. पुढं न्हाई वाचवलं."

मी खाटेवर चढून तोंडावर चादर घेतली. ज्याच्या ताटात रोज जेवतो त्याला माझं सगळं ठाऊक होतं आणि मला ते ठाऊक नव्हतं.

गुरुवार, ११ मार्च

काम सुटल्यावर कॅफेत जाऊन तीन शुक्रवारांचं सगळं पुन्हा वाचलं. फुलाला "हे नको". "बाईमाणसावर हात उचलाल का". कॅफेवाल्याला हिंदीत करून सांगितलं. टायरपर्यंत आलो तसं त्यानं खुर्ची मागं ढकलली.

"भाई, ये लड़की नहीं. ये लड़की का बाप है."

फिरोजचाचा! दारू, उलटी, अब्बांचा मार, फोरमनचं खोटं, सगळं मी माझ्या सासऱ्याला माझ्या हातानं लिहून दिलंय. आणि फूल पाठवलंय.

उद्या जावं का नको? आतून सारखं वाटतंय, दुसऱ्या साइटवर बदली मागावी. सलालाला माणसं लागतात म्हणे. तिथं कॅफे नसंल.

शुक्रवार, १२ मार्च

गेलो.

जुम्यानंतर तोंड पिवळं झालं. मी आधीच लिहिलं, "सलाम, चाचा."

लांबण. मग हळूहळू येत गेलं. मी कागदावर उतरवून घेतलं, ते हितं लिहितो.

"सलाम. वळखलं ते बरं झालं. शाहीनला कावीळ झाली ते सांगायला मी सरांकडं आलो हुतो. सर म्हणाले तिच्या खात्यात कायतरी आलंय, हजेरीची वही घ्या, पासवर्ड हाय. उघडलं तर तुमी आहेस का आहेस का करताय. आदी राग आला. मग वाटलं आलोच हाय तर बघावं मानूस कसा हाय. टायर वरनं चांगलं दिसतं. खोलल्याबिगर आत काय घुसलंय ते कळत न्हाई. माझ्या नावानं विचारलं असतं तर तुमी खोललं नसतं. म्हनून पोरीचं नाव लावलं."

मग थोड्या वेळानं, "खिळा हुता. तुमी सोता काढून दाखवला. माझ्याकडनं मंगनी हाय तशी हाय."

मी उठून उभाच राहिलो. माणूस एवढा उघडा बोलू शकतो? आणि तोही दुकानदार माणूस, सगळ्या हायवेला दम देणारा?

तेवढ्यात पुढचं आलं. "पण आता माझ्या हातात न्हाई. शाहीननं समदं वाचलं. माझंबी आन् तुमचंबी. आठ दिस झालं माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढती, पानी देती, बोलत न्हाई. पुढच्या शुक्रवारी ती बसंल. मी भायेर थांबीन. ती काय म्हनंल ते मला ठावं न्हाई."

शुक्रवार, १९ मार्च

दहापासूनच बसलो. साडेदहाला ती आली.

"एकटे आहात का?"

"व्हय."

"सोमनाथदादांना पासवर्ड अजून माहीत आहे?"

"व्हय."

"मग तुम्ही एकटे नाही. आधी स्वतःचं वेगळं खातं काढा. मी माझं सोमवारी एसटीनं येऊन काढलंय. सरांच्या वहीत नाही. मी थांबते."

कॅफेवाला शेजारी येऊन बसला आणि फॉर्म वाचत गेला. नाव, गाव, जन्मतारीख. पासवर्डचा रकाना आला तसं त्यानं खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड केलं.

मी म्हणालो, "बघा की, चुकंल माझं."

"नहीं. वो तुम्हारा है."

त्याच्या पाठीकडं बघत मी एकेक अक्षर दाबलं. अक्षराच्या जागी काळा ठिपका यायचा. मशीनसुद्धा बघत नव्हतं! भोरला एका खोलीत आठ जण वाढलो, हितं सहा जण झोपतो, माझी पेटी पण सोमनाथदादाच्या कुलपाची. पंचवीस वर्षांत फक्त मलाच ठाऊक अशी ही पहिली गोष्ट. नऊ ठिपके. मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. कॅफेवाल्यानं भिंतीकडूनच विचारलं, "हो गया?"

नव्या नावानं गेलो. तिनं यादीत घेतलं.

"आता ऐका. अब्बांनी विचारलं, तुम्ही सांगितलं. वर नाव माझं होतं आणि मी तिथं कुठंच नव्हते. अब्बा म्हणतात, चांगलंच झालं, मुलगा खरा निघाला. खरा निघाला, पण कुणाजवळ?"

"मला वाटलं मी तुलाच सांगतोय."

"मग सांगा."

मी पहिल्यापासून परत लिहिलं. हेल्पर आहे. खिळे उपटतो. बारा म्हणालो ते फसवायला म्हणालो. अब्बांचं लिहिताना गेल्या वेळेपेक्षा जड गेलं. या वेळी पलीकडं कोण आहे ते ठाऊक होतं. माझं संपल्यावर आलं, "वाचलं."

मग, "मे महिन्यात या, भेटू. अब्बांसमोर बसून बोलू. निकाह मेमध्ये नाही. डिसेंबरात. तेव्हाही मी हो म्हटलं तरच. अब्बांना सांगितलंय. ते बाहेर स्कूटरवर बसलेत."

"काय म्हणाले?"

"काही नाही. पहिल्यांदाच."

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. घरात सगळे मेचं ठरवून बसलेत, अम्मीनं भांडी घेतलीत. पण एवढीशी मुलगी, कावीळ होऊन उठलेली, दोन पुरुषांना दोन्ही बाजूला थांबवून मधे आपली तारीख लिहिते, ह्याचं मला एवढं नवल वाटलं की दुसरं काही वाटायला जागाच उरली नाही.

मी लिहिलं, आता आपल्यात झाकायचं काही नाही, माझा नवा पासवर्ड घे. पहिली दोन अक्षरं लिहिली पण.

"थांबा. मला नको. माझा मी देणार नाही. लग्नानंतरही नाही."

"मग भरवसा कसा ठेवशील?"

"विचारून."

मी दोन अक्षरं पुसली. लगेच तिचा पहिला प्रश्न आला.

"माझ्यासमोरून पळावंसं वाटेल तेव्हा पळायच्या आधी मला सांगाल का?"

हो लिहायला इंग्रजीत दोन अक्षरं लागतात. बोट तिथवर गेलं. पण मागचा सगळा आठवडा मी सलालाची बदली डोक्यात घेऊन हिंडत होतो, हे मला माहीत होतं. मी लिहिलं, "ह्याला आठ दिवस दे."

"घ्या. लगेच हो आलं असतं तर मी मानलं नसतं."